बाबांना अडवू नका, क्लिनिकला अडवा

प्रश्न : माझे बाबा ६६ वर्षांचे आहेत, पार्किन्सन्सला नऊ वर्षं झाली. गोळीचा असर असतो तोवर चालतात-फिरतात, असर उतरला की खुर्चीतून उठायलाही माणूस लागतो. दादाने परदेशातलं एक क्लिनिक शोधलंय. पोटाच्या चरबीतून स्टेम सेल, म्हणजे मूळ पेशी, काढायच्या आणि त्या कंबरेतून मणक्यात आणि हाताच्या शिरेतून द्यायच्या, असे तीन डोस. त्यांनी एका पेशंटचा आधीचा-नंतरचा व्हिडिओ पाठवला आणि ‘आमची ट्रायल सरकारी वेबसाइटवर नोंदलेली आहे’ असं सांगून एक नंबरही दिला. खर्च इतका आहे की राहतं घर गहाण टाकावं लागेल. मी नको म्हटलं तर बाबा म्हणाले, “शरीर माझं, घर माझं. तू माझी आशा का मारतेस?” दादा तेव्हापासून माझ्याशी धड बोलत नाही. जपानमध्ये अशा पेशी देऊन गुण आल्याचं मीही वाचलंय. मग माझंच चुकतंय का? आईचं आणखी वेगळंच. या पेशी पोटातल्या बाळाच्या असतात असं तिने कुठेतरी ऐकलं, तेव्हापासून ती विषयच काढू देत नाही. बाबांना अडवायचा मला हक्क आहे का?

उत्तर : तुमचं चुकत नाहीये. पण दादांनाही मी वेड्यात काढणार नाही. पेशी देऊन पार्किन्सन्स सुधारता येईल ही कल्पना कुणा भोंदूची नाही. चाळीसहून जास्त वर्षं चांगली डोकी त्यावर राबताहेत आणि अलीकडे त्यांच्या हाती काहीतरी लागलंय. तुम्ही जपानबद्दल जे वाचलंत ते खरं आहे. फक्त त्या कामाशी या क्लिनिकचा काडीचाही संबंध नाही. दुसऱ्यांच्या पुण्याईवर चाललेलं दुकान आहे ते.

आधी आजाराचं थोडं सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. मेंदूच्या बुडाशी डोपामिन, म्हणजे हालचालीचे निरोप पोचवणारं रसायन, तयार करणाऱ्या पेशींचा एक लहानसा पुंजका असतो. त्या पेशींचे लांबलचक धागे वर ‘पुटामेन’ नावाच्या भागात जातात आणि तिथे डोपामिन सोडतात. पार्किन्सन्समध्ये या पेशी मरत जातात आणि हालचाल अडते. म्हणजे मरणाऱ्या पेशी बहुतांशी एका जातीच्या, आणि त्यांचं डोपामिन जिथे लागतं ती जागाही ठरलेली. म्हणून तर मेंदूच्या आजारांपैकी पेशीरोपणाचा विचार आधी याच आजारात झाला. अल्झायमरमध्ये पडझड मेंदूभर असते, अनेक जातींच्या पेशी जातात आणि त्यांच्याबरोबर वर्षानुवर्षांत जुळलेली जाळीही जातात. तिथे कुठली पेशी नेमकी कुठे बसवायची, इथूनच अडतं. त्यामुळे एकच इंजेक्शन पार्किन्सन्स, अल्झायमर, पक्षाघात, ऑटिझम आणि गुडघेदुखी या सगळ्यांवर चालतं असं कुणी सांगत असेल, तर पुढचं ऐकायची गरजच नाही. तुमच्या क्लिनिकच्या यादीत काय काय आहे ते एकदा बघा.

आता मुद्दा चरबीतल्या पेशींचा. या पेशी अंगात गेल्या म्हणून डोपामिनच्या पेशी होत नाहीत. शिरेतून दिल्या तर बऱ्याचशा फुप्फुसातल्या बारीक रक्तवाहिन्यांतच अडकतात. मणक्यातून दिल्या तर पाठीच्या कण्याभोवतीच्या पाण्यात तरंगत राहतात, पुटामेनपर्यंत जाऊन मुळं धरत नाहीत. घरातला मेन स्विच जळालाय आणि कुणीतरी अंगणात वायरचं भेंडोळं फेकून गेलंय, असा हा प्रकार. ‘त्या पेशी सूज कमी करतात, पोषक द्रव्यं सोडतात’ असं उत्तर तुम्हाला मिळेल. या दिशेने खरंखुरं संशोधन चालू आहे, नाही असं नाही. पण संशोधन चालू आहे आणि उपचार सिद्ध झालाय यांत जे अंतर आहे, नेमकं तेच तुमचं घर गहाण टाकून भरून काढायला सांगताहेत.

मग खरं काम कसं होतं? त्याचा इतिहास दादांना जरूर सांगा, कारण त्यात व्हिडिओचं उत्तर आहे.

१९८७ मध्ये मेक्सिकोतल्या शल्यचिकित्सकांनी जाहीर केलं की, मूत्रपिंडावर बसलेल्या अ‍ॅड्रिनल ग्रंथीचा तुकडा रुग्णाच्याच मेंदूत बसवला आणि तो झपाट्याने सुधारला. रुग्ण होते दोन. बातमी पसरली आणि पुढच्या काही वर्षांत जगभरात शेकडो लोकांवर ही शस्त्रक्रिया झाली. सुरुवातीचा गुण ओसरला, काही जण शस्त्रक्रियेच्या त्रासाने गेले. मृत्यूनंतर मेंदू तपासले तेव्हा बसवलेल्या पेशी जवळपास उरल्याच नव्हत्या. त्या डॉक्टरांनी कुणाला फसवलं असं मी म्हणत नाही. त्यांना जे दिसलं ते त्यांनी मनापासून मांडलं असेल, आणि त्यातच तर धोका आहे.

त्याच सुमाराला स्वीडनमधल्या लुंड इथे ओले लिंडवाल आणि अँडर्स ब्यॉर्कलुंड यांच्या गटाने वेगळी वाट धरली. गर्भपातानंतर मिळालेल्या गर्भाच्या मेंदूतल्या, डोपामिन बनवू लागलेल्या पेशी त्यांनी रुग्णांच्या मेंदूत बसवल्या. काहींना भरघोस फायदा झाला, आणि तो दहा वर्षांहून जास्त टिकला. पण कुणाला झाला, कुणाला नाही, आणि झाला तो पेशींमुळेच का, हे कसं ठरवायचं?

ते ठरवण्यासाठी अमेरिकेत एक चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २००१ मध्ये आले. रुग्ण ४०. चिठ्ठ्या टाकून दोन गट केले. वीस जणांच्या मेंदूत गर्भाच्या पेशी घातल्या. उरलेल्या वीस जणांनाही ऑपरेशन थिएटरमध्ये नेलं, कवटीला तशीच भोकं पाडली, पण मेंदूभोवतीच्या आवरणाला हात लावला नाही आणि पेशी दिल्याच नाहीत. आपण कुठल्या गटात आहोत हे कुणालाच माहीत नव्हतं. तपासणाऱ्या डॉक्टरांनाही नाही. ‘पेशी नाही मिळाल्या तरी चालेल’ हे सगळ्यांनी आधी लेखी मान्य केलं होतं, आणि चाचणी यशस्वी ठरली तर नंतर खऱ्या पेशी मिळण्याची सोय होती.

हे वाचताना तुमच्या पोटात खड्डा पडला असेल. पडायलाच हवा. आजारी माणसाच्या डोक्याला उगाच भोक पाडणं नैतिक आहे का, यावर तेव्हा वैद्यकीय नियतकालिकांत कडाक्याचं भांडण झालं. रुथ मॅक्लिन यांच्यासारख्या नीतितज्ज्ञांनी याला ठाम विरोध केला. मी बरीच वर्षं या प्रश्नाच्या दोन्ही बाजूंना झुललोय. शेवटी मला खोट्या शस्त्रक्रियेच्या बाजूने उभं राहावं लागतं, ते पुढे काय निघालं त्यामुळे.

वर्षभरानंतर रुग्णांना विचारलं, एकंदरीत किती बरं वाटतंय? दोन गटांत फरक नाही. साठीच्या आतल्या रुग्णांच्या हालचालींच्या मोजमापात सुधारणा दिसली, त्यापुढच्यांत नाही. पेशी मिळालेल्यांपैकी १५ टक्के लोकांना पुढे अंग आपोआप वळवळण्याचा त्रास सुरू झाला, आणि तो गोळ्या कमी केल्या तरी थांबेना. २००३ मध्ये आलेल्या दुसऱ्या चाचणीत तर ५६ टक्क्यांना असा त्रास झाला. गोळी बंद करता येते हो. मेंदूत गेलेल्या पेशी परत काढता येत नाहीत.

आणि सगळ्यात बोलकी गोष्ट तर नंतर निघाली. पहिल्या चाचणीतल्या ३० रुग्णांना विचारलं की, तुम्हाला पेशी मिळाल्या असं वाटतं का? ज्यांना ‘हो’ वाटत होतं त्यांचं जगणं वर्षभर जास्त सुखाचं होतं. मग पेशी खरोखर मिळालेल्या असोत वा नसोत! त्यांना तपासणाऱ्या डॉक्टरांच्या मतांवरही या समजुतीची छाप होती. यात रुग्ण नाटक करत नव्हते. पार्किन्सन्समध्ये बरं वाटण्याच्या नुसत्या अपेक्षेनेही मेंदूत डोपामिन सुटतं, हे २००१ मध्येच मेंदूच्या स्कॅनवर दिसलं होतं. आता त्या व्हिडिओकडे पुन्हा बघा. पहिल्या भागात त्या माणसाची गोळी उतरलेली होती आणि दुसऱ्या भागात चढलेली, एवढ्यानेही असा फरक दिसतो. तुमच्या बाबांचे दोन व्हिडिओ एकाच दुपारी काढले तरी दिसेल. क्लिनिक खोटं बोलत नसेल, तो माणूसही खोटं बोलत नसेल, आणि तरीही पेशींनी काहीच केलं नसेल.

जपानकडे येऊ. २००६ मध्ये शिन्या यामानाका यांनी उंदराच्या साध्या पेशींना मागे नेऊन, वाटेल ती पेशी होऊ शकेल अशा मूळ अवस्थेत आणलं. पुढच्या वर्षी माणसाच्या पेशींवरही ते जमलं, आणि २०१२ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. क्योटोतल्या जुन ताकाहाशी यांच्या गटाने अशा पेशींपासून डोपामिन बनवणाऱ्या पेशींची पूर्वावस्था घडवली आणि २०१८ पासून ५० ते ६९ वयाच्या सात रुग्णांच्या मेंदूत बसवली. एप्रिल २०२५ मध्ये दोन वर्षांचे निष्कर्ष आले. गाठ झाली नाही, गंभीर अपाय नाही. ज्या सहा जणांत परिणाम मोजला त्यांतल्या चौघांची, गोळी न घेता केलेल्या तपासणीत, हालचाल सुधारली होती. स्कॅनमध्ये पुटामेनमधलं डोपामिनचं काम वाढलेलं दिसलं. त्याच वेळी अमेरिका-कॅनडातल्या १२ रुग्णांचेही निष्कर्ष आले. त्यांच्यासाठीच्या पेशी भ्रूणापासून निघालेल्या एका जुन्या पेशीमालिकेतून, म्हणजे प्रयोगशाळेत वर्षानुवर्षं वाढवत ठेवलेल्या पेशींतून, बनवल्या होत्या. तिथेही पेशी टिकल्या, आणि जास्त डोस मिळालेल्यांची सुधारणा जास्त होती.

मला याचा आनंद आहे, मनापासून. पण या दोन्ही चाचण्या मुख्यतः सुरक्षितता बघण्यासाठी होत्या आणि त्यात खोट्या शस्त्रक्रियेचा गट नव्हता. म्हणजे वर सांगितलेला प्रश्न अजून शिल्लकच आहे. म्हणूनच अमेरिकेतल्या त्या गटाची पुढची मोठी चाचणी खोट्या शस्त्रक्रियेसह होते आहे. शिवाय परक्या पेशी टिकवायला वर्षभर, क्योटोत तर त्याहूनही जास्त, प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घ्यावी लागली. मेंदूत सुई घालताना रक्तस्राव होऊ शकतो, तो धोका वेगळाच. आणि सगळं जमून आलं तरी परत मिळेल ते हालचालीपुरतं. झोप, बद्धकोष्ठता, भास, स्मरणशक्ती यांना या पेशी हात लावतील अशी अपेक्षा नाही. बसवलेल्या पेशींतही दहा-पंधरा वर्षांनी पार्किन्सन्सच्या खुणा दिसतात, हे २००८ मध्ये समोर आलंय.

बाबांनी ‘करून बघायला काय हरकत आहे?’ म्हटलं असेल तर दोन हकिकती सांगा. मॉस्कोत एका इस्रायली मुलाच्या मेंदूत आणि मणक्यात गर्भाच्या पेशी टोचल्या होत्या. काही वर्षांनी त्याच्या मेंदूत आणि मणक्यात गाठी सापडल्या, आणि त्यातल्या पेशी त्याच्या नव्हत्या, दात्यांच्या होत्या. हे २००९ मध्ये छापून आलं. २०१६ मध्ये पक्षाघात झालेल्या एका गृहस्थांची हकिकत आली. ते तीन देशांत फिरून मणक्यात अशी इंजेक्शनं घेऊन आले होते, आणि त्यांच्याही पाठीच्या कण्यात परक्या पेशींची गाठ वाढली. बाबांच्या पेशी स्वतःच्याच असतील, त्यामुळे अगदी हेच होईल असं मी म्हणत नाही. पण स्वतःच्या पेशी म्हणजे निर्धोक, हेही खरं नाही. फ्लोरिडात तीन बायकांच्या डोळ्यांत त्यांच्याच चरबीतून काढलेल्या पेशी टोचल्या आणि त्यांची दृष्टी गेली. २०१७ मध्ये ते प्रसिद्ध झालं. त्यांतल्या काहींना आपण सरकारी यादीतल्या ट्रायलमध्ये भाग घेतोय असंच वाटत होतं. तुमच्याकडचा नंबर त्याच प्रकारचा असावा. अमेरिकी सरकारच्या त्या यादीत चाचणी करणाराच आपली माहिती भरतो. यादीत नाव आहे म्हणजे सरकारने उपचार तपासून मान्य केला असं नाही, हे त्या वेबसाइटवरच लिहिलेलं असतं.

आता हक्काचं. तुमचे बाबा शुद्धीवर आहेत, समजूतदार आहेत, स्वतःच्या शरीराबाबत धोका पत्करायचा त्यांना पूर्ण हक्क आहे. नऊ वर्षं हा आजार सोसलेल्या माणसाला ‘थांबा, विज्ञान पुढे जाऊ दे’ हे बाहेरून सांगणं फार सोपं असतं. ज्या चाळीस जणांनी कवटीला भोक पाडून घेतलं त्यांनीही धोकाच पत्करला होता. पण त्यांना सगळं खरं सांगितलं होतं आणि त्यांच्या निकालातून पुढच्या रुग्णांना काहीतरी कळलं. बाबांना मात्र अर्धवट माहितीवर हो म्हणायला लावताहेत. उद्या गुण आला नाही तर ती नोंद कुठेही होणार नाही, व्हिडिओ तर निघणारच नाही. तेव्हा अडवायचं असेल तर क्लिनिकला अडवा, बाबांना नको. घराचं मात्र वेगळं. ते ‘माझं’ म्हणत असले तरी त्यात आईचं म्हातारपण आहे. तिथे आईला मत आहे आणि ते विचारायला हवं.

एक नाजूक गोष्ट, बाबांसमोर मोठ्याने वाचू नका. पार्किन्सन्सच्या काही औषधांनी, विशेषतः प्रॅमिपेक्सोल आणि रोपिनिरोल या जातीच्या, काही रुग्णांचा स्वतःवरचा लगाम सुटतो. जुगार, अफाट खरेदी, धाडसी सौदे, ‘आत्ताच्या आत्ता हवं’ असा हट्ट. बाबांचा हट्ट त्यातलाच आहे असं मी म्हणत नाही, निराश माणूसही असाच हट्ट धरतो. पण त्यांच्या गोळ्यांत यांतली एखादी असेल आणि अलीकडे पैशांच्या बाबतीत ते बदलल्यासारखे वाटत असतील, तर न्यूरॉलॉजिस्टना सांगा. औषध एकदम बंद मात्र करू नका.

दादांशी भांडण्यापेक्षा दोघं मिळून, बाबांना शेजारी बसवून, क्लिनिकला ईमेल लिहा. ईमेलवर नाव बाबांचं असू द्या. या पेशी मेंदूत पोचतात आणि टिकतात हे तुम्ही कुठल्या तपासणीवरून म्हणता? गुण न आलेल्यांसह सगळ्या रुग्णांचे निष्कर्ष कुठल्या वैद्यकीय नियतकालिकात छापलेत? एथिक्स कमिटी कुठली आणि तिच्या परवानगीची प्रत मिळेल का? ट्रायल आहे म्हणता, तर प्रयोगाचे पैसे रुग्णाकडून कशाला? तीन वर्षांनी गाठ निघाली तर उपचार कोण करणार आणि कुणाच्या खर्चाने? ‘तुम्हाला याचा उपयोग नाही’ म्हणून आजवर कुणाला परत पाठवलंय का? हा शेवटचा प्रश्न गाळू नका. खऱ्या चाचणीत घेतलेल्यांपेक्षा नाकारलेलेच पुष्कळदा जास्त असतात. आणि आज अशी इंजेक्शनं घेतली तर उद्या खऱ्या चाचणीचं दार बाबांना बंद होऊ शकतं, कारण आधी कुठलाही पेशी-उपचार घेतलेल्यांना सहसा वगळतात. माझ्या अनुभवात, बाकी कशाने न ऐकणारे रुग्णही या मुद्द्यावर थबकतात.

आईंना सांगा की, या क्लिनिकच्या पेशी बाबांच्याच चरबीतल्या आहेत, गर्भाचा संबंध नाही. क्योटोच्या पेशी प्रौढ दात्याच्या. अमेरिका-कॅनडातल्या त्या नव्या चाचणीत मात्र भ्रूणापासून आलेल्या पेशी होत्या. अशा मालिका पुष्कळदा वंध्यत्वाच्या उपचारात उरलेल्या, जोडप्याने लेखी संमतीने दिलेल्या भ्रूणांपासून करतात. हे सांगूनही त्यांना पटणार नाही कदाचित. न पटू दे. जगात पुष्कळ विचारी माणसांना ते पटत नाही, आणि पेशी घेण्याची वेळ आलीच तर कुठल्या पेशींना आपलं मन तयार आहे हे ठरवायचा अधिकार घरच्यांचा नाही तर बाबांचा.

शेवटी तुमच्या पत्रातलं एक वाक्य मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं, ते म्हणजे गोळी असते तोवर ते चालतात-फिरतात. लेव्होडोपाने, म्हणजे पार्किन्सन्सच्या मुख्य औषधाने, इतका चांगला गुण येतो आणि तो मधे मधे उतरतो, अशा रुग्णांनाच डीप ब्रेन स्टिम्युलेशनचा (डीबीएस) सगळ्यात जास्त फायदा होतो. मेंदूत बारीक तारा बसवून विजेचे सौम्य झटके देण्याची ही पद्धत फ्रान्समधल्या ग्रेनोब्ल इथे शल्यचिकित्सक अलीम-लुई बेनाबिद यांनी त्याच १९८७ सालापासून रूढ केली. खोट्या आशेची गरज नाही इतका तिचा अनुभव आज जमा आहे, आणि नको वाटलं तर यंत्र बंद करता येतं. शस्त्रक्रिया नको असेल तर त्वचेखालून पंपाने दिवसभर औषध देण्याची सोयही आता काही ठिकाणी आहे. पण वय वाढलं किंवा स्मरणशक्ती ढासळली की डीबीएसची संधी निसटते, आणि बाबा ६६ चे आहेत. त्यामुळे क्लिनिकच्या उत्तराची वाट बघत बसू नका. हालचालींच्या आजारांत खास काम करणाऱ्या न्यूरॉलॉजिस्टची वेळ याच आठवड्यात मागा. जाण्याआधी चार दिवस एका कागदावर गोळी किती वाजता घेतली, असर किती वाजता सुरू झाला, किती वाजता उतरला आणि अंग कधी वळवळलं, एवढं लिहून ठेवा. हा कागद दादांना लिहायला सांगा. बाबांसाठी काहीतरी करण्याची त्यांची तगमग आहेच, ती इथे कामी येईल.